झग्याखालचा परकर

परकर शिवणं म्हणजे शिवणकामातलं सगळ्यात सोपं काम, असं लोकांना वाटतं. साडीखालच्या परकराचं ते खरंही आहे. कंबर आणि उंची सांगा, चहा पिऊन या, परकर तयार. पण मुलीनं पुण्याहून सांगितलेला परकर तसला नव्हता. ती नाटकात काम करते. नव्या नाटकात ती इंग्रजांच्या काळातल्या कलेक्टरची मडम झाली होती आणि तिच्यासाठी पायघोळ, मोठ्या घेराचा झगा भाड्यानं आणला होता. असला झगा आपला आपण फुगत नाही. त्याला खालून कडक कापडाचा, झालरीवर झालर लावलेला परकर लागतो, आणि तो झग्यापेक्षा दोनच बोटं आखूड हवा. लांब झाला तर खालून डोकावतो. तोकडा झाला तर झगा आत मुडपतो आणि पायात येतो.

“झगा घेऊन मापाला ये,” मी म्हटलं. “घालून उभी राहा, तासाभरात खुणा करून देते.”

“तालीम सोडून कशी येऊ, आई? तुझ्याच अंगावर माप घे की. आपली उंची एकच हाय.”

ते खरं होतं. ती कॉलेजात गेल्यापासून आम्ही एकमेकींचे परकर घालत आलो होतो आणि मला त्याचा तोरा होता. तरी फोन ठेवल्यावर मी चिडले. कापडावर, कात्रीवर, हाताला लागेल त्याच्यावर. मला माप नको होतं, पोरगी घरी यायला हवी होती.

त्यात पायघोळ कपड्याचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही. खूण करायला वाकलं की मागचा घेर वर चढतो. त्याला दुसरं माणूस लागतं, जमिनीवर बसून खडूनं खुणा करत जाणारं. आमच्या घरी ते काम हे करायचे. मी कपडा घालून उभी राहायची आणि हे तोंडात सुपारी धरून माझ्याभोवती सरकत जायचे. “हलू नको, लय चुळबुळ करतीस,” म्हणायचे. हे गेल्यापासून पाथरीच्या या घरात मी आणि मशीन, दोघीच.

शेवटी मी सुतळीला खडू घासला आणि ती दाराच्या चौकटीत कमरेखाली आडवी ताणून बांधली. अर्धवट शिवलेला परकर घातला, मुलीचे उंच टाचांचे सँडल कपाटातून काढून पायात घातले आणि सुतळीला अंग लावून हळूहळू गोल फिरले. कापडावर सगळीकडून सारखी पांढरी रेघ उमटली. त्या रेघेपासून खाली मोजलं की घेर सरळ येतो. शेजारीण विरजण मागायला आली ती दारातच थबकली.

“काकू, अंगात आलंय काय?”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती गेल्यावर घर आणखीच रिकामं वाटलं. मी सुतळी सोडून गुंडाळून ठेवली.

परकर आणि ते सँडल पार्सलनं पुण्याला पोचले त्या दुपारी तिचा फोन आला.

“आई, परकर तोकडा व्हायलाय. चांगला चार बोटं.”

“सँडल तेच हायेत ना?”

“तेच. तू नीट उभी होतीस का?”

मला तर नीटच वाटत होतं. मी फोन धरून आरशापुढं गेले. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकले होते, पाठीला पोक आलं होतं. हे कधी झालं? सांगायला घरात कुणी नव्हतं. पोरगी होती तेवढीच होती, मीच खाली आले होते. मला रडू आलं, पण फोन कानाला होता.

“थांब,” ती म्हणाली. “परवा प्रयोग हाय. रात्रीच्या गाडीनं निघते, देवगाव फाट्यावर उतरून जीपनं येते. खाली पट्टी जोडून दे, लगेच परत जाते.”

मी गुडघे विसरले. मटकी भिजत घातली, अंथरुणावरची चादर बदलली, कोपऱ्यावरून वांगी आणली. मग पट्टीसाठी उरलेलं कापड काढलं आणि हात थांबला.

वाढत्या पोरीच्या परकराला आतून एक आडवी दुमड घालून टीप मारायची असते. पोर उंच झाली की टीप उसवायची, परकर लांब होतो. हिच्या प्रत्येक परकराला मी ती घातली होती. या परकरालाही हातानं मला न विचारता, माप घेण्याआधीच घातली होती, वरच्या झालरीच्या आड. उसवली की परकर बरोबर चार बोटं खाली येणार होता.

मी बोलले नसते तर कुणाला कळणार नव्हतं. सकाळी ती दारात आली असती. पण तिची तालीम बुडाली असती, आणि दोन रात्री गाडीत काढून ती लोकांपुढं उभी राहिली असती. मटकीवर झाकण ठेवून मी फोन हातात घेतला. मग लावला.

“वरच्या झालरीखाली दुमड हाय बघ. टीप उसव.”

ती शोधत होती. मग खळखळून हसली. “आई, मी अजून वाढायलेय व्हय?”

“ते मला काय माहीत.”

“मग आता यायचं काम न्हाई.”

“न्हाई,” मी म्हटलं.

संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. झगा चहूबाजूंनी फुगून सरळ उभा होता. परकर कुठंच दिसत नव्हता. दिसायला नकोच असतो. मी फोटो मोठा करून खालच्या काठापासून वर पाहत गेले, तिच्या चेहऱ्यापर्यंत. मटकी दोघींपुरती भिजवली होती. ती मी दोन दिवस खाल्ली.