मोहोपाड्याच्या टीव्हीतले मुठे

“मार रं! कडेचा मार! अरं उतरला, उतरला, खाली उतरला!”

माझा मामा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. धोतराचा सोगा त्यानं दोन्ही हातांनी वर धरला होता, जणू टीव्हीतून पुराचं पाणीच घरात शिरलं होतं. घर आमचं नव्हतं, सोफाही आमचा नव्हता. मोहोपाड्याच्या कॉलनीत कारखान्यातल्या एका फिटरची क्वार्टर होती आणि त्याच्या बहिणीला बघायला आम्ही तिथं गेलो होतो. बघायचं मी आणि बोलायचं मामानं, असं घरून निघताना ठरलं होतं. प्रत्यक्षात मी सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो, हातात काळा प्लास्टिकचा दांडा होता, त्याला एक तांबडं बटण होतं, आणि टीव्हीच्या काचेतून परग्रहावरची फौज माझ्या अंगावर उतरत होती.

हे कसं झालं ते सांगतो. यात एक अक्षर पदरचं नाही.

तेव्हा घरोघरी नुकते टीव्ही येऊ लागले होते. आमची भातशेती कर्जतकडं, कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याला. भातात दाणा भरायला लागला की माचावर बसून राखण करायची आणि पाखरं गोफणीनं हाकायची, हे काम माझं. गोफणीत पंचक्रोशीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्या गोफणीच्या फटाक्यानं लेण्यातली वटवाघळं बिऱ्हाड उचलून राजमाचीवर राहायला गेली, ती अजून परत आलेली नाहीत. एकदा मी नुसता चाळा म्हणून वरून चाललेल्या विमानावर नेम धरला, तर वैमानिकानं निमूट दिशा बदलली. गावात विचारा. विचारल्यावर लोक हसतील, पण ते जळतात.

तर झोडणी उरकली आणि मामानं हे स्थळ आणलं. चौक गावाला एस्टी बदलून आम्ही मोहोपाड्याला उतरलो. मुलीकडचेही मूळचे आमच्यासारखेच भातवाले. पाताळगंगेकाठची जमीन कारखान्यात गेली आणि भाऊ फिटर झाला. मुलगी कॉलनीतल्या बालवाडीत शिकवायची. ती पोहे घेऊन आली. मामानं रीतीप्रमाणं विचारलं,

“भाकरी येते का गं, पोरी?”

“येते,” ती म्हणाली. “यांना येते का?”

मामाच्या घशात पोहे अडकले. मी मात्र त्या क्षणी ठरवून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशी, नायतर जन्मभर माचावर बसून पोपट हाकीन.

तिचा भाऊ दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत, खाकी कपड्यांत बसला होता. तो कानाची पाळी चोळत म्हणाला, “पाव्हणं, एक अडचण हाय. आमचा मावसभाऊ मस्कतला असतो. त्यानं टीव्हीवर खेळायचा एक खोका आणलाय. बघायला येईल त्याला ही तो खेळ लावून देते. आमी समजावलं, पन आयकत नाय.”

“एक पडदा साफ करा,” ती मला म्हणाली. “मग बोलू.”

“आजवर कुणी केला?” मी विचारलं.

“एक मास्तर आले होते. त्यांनी पोरखेळ म्हणून हातच लावला नाही. एक बँकेतले होते. ते दोनदा हरले आणि त्यांना काम आठवलं.”

“मंग?”

“मग ते गेले.”

मी बाह्या वर केल्या. मामा माझ्या कानात म्हणाला, “अरं, ही सोयरीक हाय का सर्कस?” पण मी सतरंजीवर बसलोसुद्धा होतो.

तिनं टीव्हीची लाकडी दारं सरकवली. खोक्यातनं दोन दांडे आले होते. त्यातला एकच जोडलेला होता. दुसरा पिशवीत गुंडाळून कपाटात पडला होता. तो जोडीनं खेळायचं असेल तरच लागायचा आणि जोडीला बसायला भावाला वेळ नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रांगा उमटल्या. मी बघतच राहिलो. आपल्या बांधाच्या बिळात राहणारे मुठे असतात ना, खेकडे, थेट तसेच. नांग्या वर, डोळे बाहेर. फक्त हे आभाळातून यायचे. सगळी रांग मिळून उजवीकडं सरकायची, मग डावीकडं, आणि पाठीमागं ठक… ठक… ठक… असा ठोका पडायचा, कुणी बंद दारावर काठी आपटावी तसा. तळाशी माझी इवलीशी तोफ. बटण दाबलं की गोळी वर. सगळे मुठे पडले की पडदा साफ. एक जरी मुठा जमिनीला टेकला की खेळ खलास.

“एवढंच?” मी म्हणालो, आणि मिशीवर हात फिरवला. तेव्हा मला मिशी नव्हती, पण हात फिरवला.

पहिला डाव गेला. दुसरा गेला. तिसरा तर मी खोकायच्या आत गेला. मला कळेना. नेम तर बिनचूक लागत होता, पटापट मुठे पडत होते, तरी फौज भराभर खाली यायची. पोह्यांची दुसरी बशी आली, चहा आला, सायीची घडी पडून निवला. मामानं “चल रं, गाडी चुकंल” म्हणून घेतलं, मग “चल रं, गाडी चुकली” म्हणून घेतलं. मी उठलो नाही. अंगठ्याला फोड आला, मी बटण दुसऱ्या अंगठ्यानं दाबायला लागलो.

शेवटी ती स्टुलावरून म्हणाली, “तुम्ही राखण करताय.”

“मंग? तीच तर करतोय!”

“ह्या चिमण्या नाहीत.”

आता राखणीची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला माझी चूक लगेच समजेल. पाखरांचा थवा शेतावर उतरला की आपण दगड मध्ये टाकतो. काठावरच्या पाखरांना हात लावायचा नाही. त्यांना वाट मोकळी ठेवायची, ती आधी उठतात आणि बाकीची त्यांच्यामागं जातात. बाप-आज्यापासून हेच. मी त्याच हिशेबानं रांगेच्या मधले मुठे टिपत होतो आणि कडेच्यांना सन्मानानं वाट देत होतो. पण ते कसले जातात! कडेचा मुठा पडद्याच्या काठाला टेकला की सगळी फौज एक पायरी खाली उतरायची. माझ्याच मोकळ्या वाटेनं ते माझ्या उरावर येत होते.

“कडेचे आधी मारा,” ती म्हणाली. “म्हणजे काठ लांब पडतो.”

मी तसं केलं. सांगतो, हाताला वळण नव्हतं. डोळ्यांना कडेचा दिसायचा आणि अंगठा मधल्याकडं धावायचा. जन्माची सवय मी एका दुपारी सतरंजीवर बसून मोडत होतो. दात खाल्ले, घाम पुसला नाही, पापणी मिटली नाही. पण रांगा पातळ होऊ लागल्या. तेव्हा मामा सोफ्यावर चढला. मघापासून उठ-उठ करणारा हा माणूस आता मला सेनापतीसारखा हुकूम सोडायला लागला. “उजवीचा! आता डावीचा! शाब्बास, माझ्या वाघा!” तिचा भाऊ डबा हातात घेऊन दारात उभा होता, तोही एक पाऊल आत आला. ती स्टुलावरून पुढं झुकली. तेवढं मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

आणि एकच मुठा उरला.

इतका वेळ मला वाटत होतं की शेवटचा सगळ्यात सोपा असणार. पण हे मुठे जसे कमी होतात तसे उरलेले पिसाळतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो एकटा असा सुटला की डोळा पुरेना. या काठावरून त्या काठावर, एक पायरी खाली, पुन्हा त्या काठावरून या काठावर. ठोके इतके जवळजवळ पडू लागले की मला कळेना, टीव्हीतून येतायत की माझ्या छातीतून. गोळी मारावी तर तो तिथून गेलेला. काळ्या पडद्यावर तो एकटा पांढरा, आणि खाली मी एकटा. माझ्या हाताचे केस उभे राहिले. चेष्टा नाही करत, माझी रानडुकराशी गाठ पडली आहे बांधावर, पण डुक्कर धापा टाकतं, डुकराला वास असतो, त्याला आपली थोडी तरी भीती असते. याला काही नव्हतं. तो नुसता येत होता.

“खाली आला रं!” मामाचा आवाज चिरकला.

आणि नेमका त्याच क्षणी बाहेर कारखान्याचा भोंगा झाला.

कॉलनीतल्या माणसाला तो म्हणजे पाळी बदलल्याची खूण. मला वाटलं, मुठाच टीव्हीतून बाहेर आला. मी ओरडून उभा राहिलो, “हाऽऽ हूऽऽ!”, शेतात ओरडतो तसा, आणि पुढचं माझ्या हातानं मला न विचारता केलं. हाताला लांब वायर लागली, वायरीच्या टोकाला वजन लागलं, आणि अशी वस्तू हाताला लागली की माझा हात एकच काम जाणतो. वायर खोक्यातून उपटून आली. दांडा माझ्या डोक्यावरून गरगरला. मामा सोफ्यावर आडवा झाला. मी मुठ्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध नेम धरून सोडला.

आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम चुकला. दांडा टीव्हीच्या हातभर बाजूनं निघून स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि पाण्याच्या स्टीलच्या पिंपावर असा आपटला की तो आवाज, मी खात्रीनं सांगतो, खालापूरच्या कचेरीत ऐकू गेला असणार.

पडद्यावरचा मुठा जमिनीवर टेकून स्थिर उभा होता. दांड्याची दोन शकलं झाली होती. तिच्या भावानं टीव्हीकडं पाहिलं, पिंपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पण पाळीची वेळ झाली होती. तो डबा घेऊन निघून गेला.

मामा सोफ्यावरून उतरला, टोपी नीट केली आणि हात जोडले. “पोरी, आमी निघतो. झालं ते झालं. तुमची भरपाई करू. सोयरिकीचं आता काय बोलायचं नाय.”

“मामा, गप ऱ्हा,” मी म्हणालो. मी पुन्हा सतरंजीवर बसलो. “एकच राहिला होता. मी उठणार नाय. हा जोडता येत असंल तर जोडून द्या, मी पुन्हा बसतो.”

ती शकलं उचलून घेऊन आली. एकातली तुटलेली वायर तिनं बघितली. तांबडं बटण दाबून बघितलं, ते आत गेलं आणि वर आलंच नाही. मग तिनं टीव्ही बंद केला, लाकडी दारं सरकवून लावली.

“दुसरा कपाटात आहे,” ती म्हणाली. “रविवारी या.”