सव्वीस नंबरची खोली

आमच्या दवाखान्यात तीन नंबरच्या खिडकीवर ती एकोणीस वर्षं बसली. मी चार नंबरवर. मध्ये प्लायवूडची एक फळी, त्यामुळे तिचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं. नाव, वय, पत्ता, काय होतंय, शिक्का, पुढचे! मिनिटात केसपेपर तयार. आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो. तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हती. रांग संपली की एखाद्या म्हातारीला हाताला धरून एक्स-रेपर्यंत सोडून यायची.

त्या वर्षी सव्वीस नंबरच्या खोलीत शाळा-कॉलेजच्या मुलामुलींसाठी केंद्र सुरू झालं. पाळीच्या तक्रारी, गर्भनिरोधक, लैंगिक आजारांची तपासणी. पालकांची सही नको, नाव कुणाला कळणार नाही. तसं पत्रक आमच्याकडे आलं. मास्तरिणीने सही केली, मीही केली, आणि पत्रक फायलीत गेलं. वाचलं दोघांनीही नाही.

एका मंगळवारी दुपारी पाठीला दप्तर लावलेली एक मुलगी तिच्या खिडकीशी आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हिने गणवेशावर स्वेटर चढवलेला, गळ्यापर्यंत बटणं लावून.

“काकू, सव्वीस नंबरला जायचंय.”

“इथे कुणी काकूबिकू नाही. वय?”

“सोळा.”

“काय होतंय?”

मुलीने मागे वळून पाहिलं. मागे दहा-बारा माणसं उभी होती.

“अगं, मोठ्याने बोल. काचेतून ऐकू येत नाही.”

“पोटात दुखतं. आणि...”

“आणि काय? सोबत कोण आहे? कुणी नाही? अठराच्या आतल्यांना मोठं माणूस लागतं. आईला घेऊन ये, जा. पुढचे!”

रांगेतला एक जण फिसकन हसला. मुलगी मान खाली घालून गेली. मी सगळं ऐकलं आणि माझ्या पुढ्यातल्या कागदावर शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी तीच मुलगी स्ट्रेचरवरून आली. अंगात ताप, ओठ पांढरेफटक. तिची आई धावतच खिडकीशी आली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. ती नाव सांगत होती, मास्तरीण लिहीत होती. लिहिता लिहिता तिने सहज स्ट्रेचरकडे पाहिलं आणि तिचं पेन थांबलं.

“पित्त असेल म्हणून दुकानातल्या गोळ्या देत होतो,” आई सांगत होती. “ही काही बोलेल तर ना! पोटाशी उशी धरून पडून राहायची नुसती.”

मास्तरिणीने पेपर पुरा केला, शिक्का मारला आणि काचेखालून सरकवला.

संसर्ग आत पसरून पोटात पू झाला होता. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या काढाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण सव्वीस नंबरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. एकटीला धीर होईना म्हणून मला सोबत नेलं.

“ती वेळेत आली असती तर?”

“दोन आठवड्यांच्या गोळ्या,” डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. “महिन्याला जेमतेम चार-पाच मुलं येतात माझ्याकडे. मला वाटायचं, शाळेत कुणी सांगतच नसेल. मागच्या आठवड्यात शाळेत गेले, तर सात-आठ जणी म्हणाल्या, आम्ही येऊन गेलो, खिडकीवरूनच परत पाठवलं.”

कुठल्या खिडकीवरून, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मास्तरिणीची लेक अकरावीत, त्या मुलीच्याच शाळेत, तिच्याच वर्गात. त्या संध्याकाळी मास्तरीण घरी गेली तेव्हा लेक दारातच उभी होती. पुढचं मला मास्तरिणीने फार नंतर सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

“आई, तिला मीच पाठवलं होतं,” लेक म्हणाली. “ती घाबरत होती. मी म्हटलं, खिडकीवर माझी आई असते. तिला काकू म्हण, ती सांभाळून घेईल.”

“मग मला आधी सांगायचंस ना गं!”

“तिने शपथ घातली होती. आणि एवढं सांगायला कशाला लागतं?”

त्यानंतर लेक तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

मास्तरिणीने साहेबांना अर्ज लिहिला. मुलांना बाजूच्या दाराने थेट आत जाऊ द्यावं, नावाऐवजी नंबर द्यावा. शेवटी लिहिलं, त्या मुलीला मी परत पाठवलं. साहेबांनी बोलावून घेतलं.

“ती ओळ काढा. सगळ्यांनाच गोत्यात आणाल.”

तिने काढली नाही. आठ दिवसांत तिची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूमला झाली.

पुढे ती त्या मुलीच्या घरी गेली. आईने दारातच सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा केला नाही.

“त्या दिवशी माझ्यासमोर पेपर लिहीत होतात,” ती म्हणाली. “तेव्हा का नाही बोललात?” मग दार लावून घेतलं. मुलीची शाळा कायमची सुटली होती. तिला लांबच्या आत्याकडे ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्या अर्जाचा पाठपुरावा सोडला नाही. चार महिन्यांनी बाजूचं दार उघडलं. हे मुलांना सांगायला त्या शाळेत गेल्या, तेव्हा मास्तरीणही गेली. मलाही विचारलं होतं. मी रजा नाही म्हणालो.

वर्गात तिने सरळ सांगितलं, “तुम्हाला परत पाठवणारी ती मीच.” लेक तिसऱ्या बाकावर वहीत डोकं घालून बसली होती. मग मागच्या बाकावरून आवाज आला,

“त्या दारापाशी तुम्ही बसणार का?”

“नाही.”

“मग येऊ.”

वर्ग हसला. डॉक्टरीणबाई म्हणतात, मास्तरीणही हसली.

आता महिन्याला वीस-पंचवीस मुलं येतात. तीन नंबरच्या खिडकीवर मी बसतो. मास्तरीण तळघरात जुने केसपेपर वर्षवार लावते. कमी बोलते. लेक बारावी झाली आणि बाहेरगावी शिकायला गेली. दर रविवारी घरी फोन करते, वडिलांच्या मोबाइलवर.