आमच्या न्हाणीचा ट्रॅप

आष्ट्यात मी बरीच वर्षं प्लंबिंगची कामं करतोय. स्वतःचं घर बांधलं तेव्हा न्हाणीघराची फरशी बसवण्याआधी ट्रॅप मीच टाकला. बायको शेजारी उभी राहून बघत होती. ती आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मी तिला दाखवलं, की या भांड्यात कायम थोडं पाणी थांबतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत.

"आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई," ती म्हणाली, "आन तुमी मोरीत साठवून ठेवताय व्हय?"

पण पुढं त्या ट्रॅपची निगा तिनंच राखली. आठवड्याला जाळी उचलायची, आतली वाटी काढून घासायची, परत बसवायची. मला हात लावू द्यायची नाही. "दिसभर जगाच्या मोऱ्या काढून येतासा," म्हणायची.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. सांगलीच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. केस जातील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तिचे केस कमरेच्या खाली यायचे. ती घरातसुद्धा डोक्यावर पदर घट्ट ओढून वावरायला लागली. मी एकदा विचारलं, "गळायला लागलं का गं?"

"न्हाई. आमच्या माळावरल्या बाभळीगत हायती, सहजी निघायचं न्हाईत."

मलाही ते खरं मानायचं होतं, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

एका सकाळी मी अंघोळीला गेलो तर पाणी जाईना. घोट्यापर्यंत तुंबलं. जाळी उचलली, वाटी हलेना. पान्ह्यानं सैल करून बोटं आत घातली आणि ओढलं. केसांचा झुपका आला. ओढत गेलो तसा येतच राहिला. असली गुंतवळ मी रोज कुणाकुणाच्या घरात काढतो आणि न बघता बादलीत टाकतो. ही हातात धरून ओल्या फरशीवर तसाच बसलो.

ती दारात येऊन उभी होती.

"आवं, मीच काढत हुते रोज. आता वाकाया जमंना."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी आधीच धड जेवत न्हाई. आन..." ती थांबली. "बघायला आलासा तवा तुमच्या आईनं माझं केसच बघितलं हुतं. बाकी मी काळीच की."

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. मधेमधे उघडं पडलेलं डोकं मी पहिल्यांदा बघितलं.

"टाका ते हातातलं," ती म्हणाली. "आन ऱ्हायल्यालं कापा."

अंगणात खुर्चीवर तिला बसवलं. ब्लाऊज बेतायची तिचीच कात्री घेतली. केसांजवळ न्यायचो आणि परत मागं घ्यायचो.

"लोकांच्या नळाला टेप गुंडाळताना असं अडखळत न्हाईसा," ती म्हणाली. मी हसलो. तीही हसली. मग मात्र दोघांनाही रडू आवरलं नाही.

उसाला तुरे आले तेव्हा ती गेली. मुलगी वाईला दिलेली आहे, ती मला घेऊन गेली. तिथं नदीच्या घाटावर नुसता बसायचो. जावई शेजारी येऊन बसायचे. शेवटी मीच म्हणालो, मला घरी सोडा.

परत कामाला लागलो. परवा एका घरी नव्या सुनेनं बोलावलं, बेसिन तुंबलं होतं. ती संकोचून म्हणाली, "काका, माझ्या केसांनीच झालंय."

"असू दे, पोरी," म्हणालो. बेसिनखालचा ट्रॅप खोलला, साफ केला, परत आवळला, पाणी सोडून बघितलं. कुठं गळत नव्हतं. बाहेर येऊन गाडीवर बसलो, पण किल्ली फिरवली नाही. त्या घरची म्हातारी ओट्यावर होती.

"काय इसरलासा काय?" तिनं विचारलं.

"न्हाई, मावशी," म्हणालो, आणि आणखी थोडा वेळ तिथंच बसलो.