दादासाठी तीन आवाज

दादाची नजर काचबिंदूने गेली, तेव्हा तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता. नोकरी सुटली आणि तो नाशिकरोडला माझ्याकडे राहायला आला. वाचनाचं त्याला वेड. "कुणाला वाचून दाखव म्हणायची पाळी येऊ नये," एवढंच त्याचं मागणं होतं.

दोन हजार सालानंतर कधीतरी कळलं, की कॉम्प्युटरवरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचणारी दोन सॉफ्टवेअर निघाली आहेत. फुकट, कुणीही घ्यावीत, कुणीही सुधारावीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं टाइप करायची, एवढाच माझा कॉम्प्युटर. तरी मी दोन्ही सॉफ्टवेअर मिळवून घरी आणली. एकाला जोडाक्षरं छान जमायची, पण आकडा आला की ते गप्प. दुसरं आकडे खणखणीत म्हणायचं आणि 'स्वयंपाक' आला की अडखळून पडायचं. "दोघांचं मिळून एक माणूस होईल," दादा म्हणाला. तेव्हा तो हसायचा.

ती बनवणाऱ्या दोन्ही गटांना मी मेल केली, की बाबांनो, एकत्र या ना. उत्तरं लगेच आली, फार आदराची. पहिले म्हणाले, त्या दुसऱ्यांचा पायाच चुकलाय. दुसरेही पहिल्यांबद्दल नेमकं तेच म्हणाले. वर, कोड सगळ्यांना खुला आहे, तुम्हीच जोडून बघा. मी! फुकट राबणाऱ्या माणसांवर चिडायचं तरी कसं? पण मी चिडले, चांगलीच चिडले. पुढे दोघांवर नाराज झालेल्यांनी तिसरा गट काढला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. त्यांच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरंही येईनात आणि आकडेही.

"आपल्या गल्लीसारखंच झालं," दादा म्हणाला. "गणपती तीन, आणि गटार उघडंच."

मी हट्टाने नवी नवी आवृत्ती आणत राहिले. तो हेडफोन लावून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत बसायचा. एका दुपारी त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"राहू दे आता. तूच वाच."

मग रोज संध्याकाळी मी त्याला पेपर वाचून दाखवू लागले. लहानपणापासून माझ्यावर डाफरत आलेला माझा भाऊ, पान उलटलं की हळूच विचारायचा, "दमली असशील तर राहू दे हं." त्याचं ते मिंधेपण मला सोसायचं नाही. रडू त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी पुढची बातमी जरा मोठ्यानेच वाचायचे.