फोटो धुऊन आला

पोह्यात खडा निघाला म्हणून बायकोवर ओरडणारे पुष्कळ असतील, पण पोह्यात ट्रकचा आरसा निघाला म्हणून बशी खाली ठेवून टाळ्या वाजवणारा माणूस आख्ख्या इंदुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे! आरसा केवढा, तर मसुरीच्या डाळीएवढा. पितळेचा. आदल्या रविवारी तो साडूंच्या चिमट्यातून उडाला होता, आणि तिथून शेवेच्या डब्यात कसा पोचला हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. "मिल गया! भिया, मिल गया!" म्हणत (इंदुरात भावाला भियाच म्हणतात) साडूंनी तो जिभेवरून काढला, रुमालाला पुसला आणि खिडकीशी नेऊन उलटा-सुलटा करून पाहिला. दाताखाली येऊनसुद्धा तो वाकला नाही याचं त्यांना कोण कौतुक! दाताचं काय झालं हे विचारायचं आम्हालाही सुचलं नाही. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण आणि या गृहस्थांची अर्धांगिनी, शांतपणे म्हणाली, "दुसरा आरसा आता कढीत बघा," आणि पुन्हा शेव वाढायला लागली.

साडूंचा छंद म्हणजे फौजी गाड्यांची छोटी मॉडेलं बनवणं. छोटी म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. आख्खा रणगाडा पोळ्यांच्या डब्यात मावतो. खोक्यातून प्लास्टिकचे तुकडे येतात, ते चिकटवायचे, रंगवायचे, झालं, असं आपल्याला वाटतं. साडूंना ते मुळीच पटत नाही. "भिया, ही प्लास्टिकची जाळी पाहा. अस्सल गाडीची जाळी इतकी जाडी असते का? हे तर जेलचे गज झाले!" म्हणून ते बाहेरदेशातून वेगळे पितळी पत्रे मागवतात. पत्रा कागदासारखा पातळ, आणि त्यात केमिकलनं कोरून काढलेले गाडीचे बारीकसारीक अवयव: रेडिएटरची जाळी, वायपर, आरसे, डिझेलचे डबे बांधायचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांची बकलंसुद्धा! या प्रकाराला फोटो-एच म्हणतात; एच म्हणजे इंग्रजीत कोरणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आपलं सहज विचारलं की फोटो-ए पासून फोटो-जी पर्यंतचे आधीच लावून झाले का? साडू आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

हे काम निघालं की घरात कर्फ्यू लागतो. मल्हारगंजातलं वरच्या मजल्याचं घर, मे महिन्याचा दुपारचा प्रहर, आणि पंखा बंद! का, तर वायपर उडून जाईल. शिंक आली तर उठून जिन्यात जायचं. झाडू मारायला ताईला परवानगी घ्यावी लागते आणि निघालेला केर चहाच्या गाळणीतून गाळल्याशिवाय टाकता येत नाही. एकदा एक हूक हरवला म्हणून मी मोठ्या उत्साहानं लोहचुंबक घेऊन गेलो. साडू माझ्याकडे इतक्या दयेनं पाहत म्हणाले, "भिया, पितळ आहे ते," की मला माझ्या शाळेचीच लाज वाटली. तुकडे उडू नयेत म्हणून त्यांनी एक युक्ती काढली आहे. मिठाईवाल्याची पारदर्शक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, टेबलावर पसरायची, दोन्ही हात कोपरापर्यंत तिच्यात घालायचे आणि आतल्या आत कापाकापी करायची. अशा अवस्थेत समोरच्या घरचे काका खजरान्याच्या गणपतीचा प्रसाद द्यायला आले. साडूंचे दोन्ही हात पन्नीत, श्वास रोखलेला, तोंडातून शब्द नाही. काका लाडू ठेवून आल्या पावली परत गेले आणि गल्लीभर सांगून आले की बिचाऱ्याचे हात भाजले. संध्याकाळपर्यंत सफरचंदं घेऊन लोक यायला लागले! साडूंनी एकालाही परत पाठवलं नाही. घड्याळवाल्याकडून आणलेलं भिंग प्रत्येकाच्या डोळ्याला लावून "बकल पाहा, बकल!" म्हणून बकल दाखवलं, आणि मगच सोडलं. त्यांचं मॉडेल न बघता त्या जिन्यातून खाली उतरलेला पाहुणा अजून जन्माला यायचा आहे.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. साडूंचे वडील, त्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो, महूच्या छावणीत नोकरी केलेले फौजी ड्रायव्हर. त्यांचे वडील फौजेत, आजोबा फौजेत; अजून कुणाला "जय भीम" म्हणताना बाबांची टाच टाचेला लागते. फौजेत त्यांनी गाड्या पुष्कळ चालवल्या, पण बोलतात एकीबद्दलच: त्यांची वन-टन, म्हणजे चौकोनी तोंडाचा हिरवा ट्रक. साडूंच्या दिवाणखान्यात त्या ट्रकचा एक जुना काळा-पांढरा फोटो लावलेला आहे. ट्रकपुढे छाती काढून उभे असलेले जवान, आणि ट्रकखालून बाहेर आलेले दोन बूट. ते बूट म्हणजे बाबा! "मी तेल बदलून राहिलो होतो," बाबा सांगतात. "फोटोवाला म्हणाला, कोई हिलना मत. मला वाटलं मलाही म्हणाला. मी हललो नाही." हे सांगून ते स्वतः इतके हसतात की ऐकणाऱ्यालाही हसावं लागतं. पण हसू ओसरलं की दर वेळी एक वाक्य येतंच: "गाडी माझी, अन् फोटो सगळा दुसऱ्यांचा."

म्हणून साडूंनी बाबांची वन-टन करायला घेतली. तिचा तयार किट काही मिळेना, तेव्हा तशाच तोंडवळ्याचा परदेशी ट्रक आणून त्यांनी तो कापला, जोडला, पुन्हा कापला. पितळी पत्र्याचं पाकीट मात्र महिनोन्‌महिने आलं नाही. अखेर गेल्या उन्हाळ्यात ते आलं, आणि साडू जिन्यातूनच ओरडले, "फोटो-एच आलं! फोटो-एच आलं!" मी तेव्हा तिथेच होतो. आतल्या खोलीत बाबांनी ऐकलं ते एवढंच, की फोटो आला. साडू कात्रीनं पाकीट उघडेपर्यंत बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बाहेर आले. हात पुढे करून म्हणाले, "बघू." साडूंनी नकळत पत्रा त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो हळूच कडेनं धरला, खिडकीशी नेला, उजेडासमोर धरला, आणि मोठ्या समजूतदारपणे मान हलवून म्हणाले, "अच्छा, निगेटिव्ह आहे. मग धुवायला कधी देणार?"

मला हसू फुटणार होतं, पण साडूंचा चेहरा पाहून मी ते गिळलं. कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं की बाबांच्या एका डोळ्यात काचबिंदूनं आधीच अंधार केलेला आहे आणि दुसऱ्याचंही आता फार दिवस सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गैरसमज दूर करायला दोन शब्द पुरले असते. पण साडूंना ते दोन शब्द काही बोलवेनात. ते म्हणाले, "देतो बाबा. धुवायला जरा वेळ लागेल." जिन्यापर्यंत मला सोडायला आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "भिया, आता यातून फोटोच काढायचा. बाबांचा, गाडीसोबत. त्यांना दिसतंय तोवर." मला वाटलं, माणूस कामातून गेला! पस्तिसाव्या हिश्श्याची गाडी, तिच्यासोबत पूर्ण साइझचे बाबा कसे उभे करणार?

पण काय सांगू, त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल! साडूंनी ऑफिसातून रजा काढली. पितळ नरम पडावं म्हणून जाळी गॅसवर धरून तापवली, त्या नादात ताईचं दूध उतू गेलं. जाळी वाकवायला दाढीची पाती, पट्टे वळवायला ताईच्या सुया, आणि एकदा फेव्हिक्विकनं बोट चक्क बकलाला चिकटलं तर ते सोडवायच्या आधी त्यांनी बकल सरळ आहे का ते पाहिलं! बाबा रोज सकाळी विचारत, "धुऊन आला का?" आणि विचारता विचारता पुष्कळ सांगत: आरसा ड्रायव्हरच्या बाजूला जरा आत वळलेला होता, बादली मागं उजवीकडे लटकायची, बॉनेटवर टेकलं की हात इथं यायचा. साडू मान डोलवत आणि आत जाऊन तसं करत. मीही सामील झालो. मला खरं म्हणजे फक्त गाळणी धरायचं काम होतं, पण छाती अशी धडधडायची की जणू खरी लढाई लागली आहे.

ट्रक झाला. मग एका सकाळी आम्ही सगळे हातोदच्या रस्त्याला एका मोकळ्या शेताशी गेलो. बाबा ब्लेझर घालून, छातीवर मेडलं लावून, बूट असे चमकवलेले की त्यात झाडं दिसावीत. गाडीत बसताना साडूंनी त्यांना सगळं खरं सांगितलं: पत्रा म्हणजे निगेटिव्ह नाही, ट्रक वीतभर आहे. बाबांनी छातीवरची मेडलं सरळ केली. मग म्हणाले, "बादली उजवीकडे आहे ना?" "आहे." "मग चल." शेतात साडूंनी स्टुलावर स्टूल चढवलं, त्यावर फळी, फळीवर तिथलीच काळी माती, मातीवर ट्रक. मोबाईल ट्रकच्या अगदी नाकाशी धरला आणि बाबांना पाठवलं दूर, पार पलीकडच्या बांधाजवळ. मी फळी धरून उभा. "बाबा, जरा डावीकडे! अजून! बस!" आणि स्क्रीनवर पाहतो तर काय! वीतभर ट्रक भला थोरला झाला होता आणि बाबा त्याच्या शेजारी उभे होते. जाळीचा गज न्‌ गज, पट्ट्याचं बकल, सगळं खरं! साडू ओरडून सांगणार होते की हात वर करा, पण बाबांनी आधीच केला होता. एवढ्या लांबून त्यांना ट्रक दिसतच नव्हता. त्यांनी आपला हात हवेत टेकवला, आणि तो बरोबर बॉनेटवर पडला. साडू नुसते स्क्रीनकडे बघत राहिले. "फोटो काढा, भिया, फोटो!" मी ओरडलो. त्यांनी काढला आणि तिथंच मातीत बसून लहान मुलासारखे रडले.

घरी येऊन फोटो मोठा करून आणला तेव्हा साडूंनी कपाळावर हात मारला. फळीच्या कडेआड बाबांचे बूट गेले होते! घोट्याच्या वर सगळे बाबा, खाली काही नाही. "उद्या पुन्हा जाऊ, सुबह सुबह, फळी कापून," साडू म्हणायला लागले. बाबांनी फोटो चांगल्या डोळ्यासमोर धरला, पार नाकाला लागेपर्यंत. पुष्कळ वेळ पाहिला. मग भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "राहू दे. बूट तिकडे आहेत ना. शेजारीच लाव." दोन्ही फोटो आता शेजारीशेजारी आहेत.

हिवाळा लागता लागता बाबांचा तो डोळाही गेला. पण कुणी आलं की ते भिंतीला हात लावत अचूक फोटोखालच्या खुर्चीत येऊन बसतात. परवा एक नवीन पाहुणे आले होते. बराच वेळ फोटो पाहून म्हणाले, "क्या बात है बाबूजी, पण ट्रक इतका नवा, आणि तुमचे केस सगळे पांढरे, हे कसं?" मी साडूंकडे पाहिलं. वाटलं, आता भिंग निघणार, आता बकल! पण ज्या माणसानं सफरचंदवाल्यांनासुद्धा सोडलं नव्हतं, तो नुसता बाबांकडे बघत बसला होता. बाबांनी मान वर केली, फोटो असेल तिकडे तोंड केलं आणि हसून म्हणाले, "मेंटेनन्स, भाऊ. गाडीचा ठेवला. आपला राहून गेला."