सईची खाज आणि आमचा तिसरा मजला

आमच्या मजल्यावर कुणाचं पोट दुखलं तर दार वाजत नाही. ताप आला तर फार तर एक फोन. पण लहान पोराला खाज सुटली की चारही दारं उघडतात. खाज सगळ्यांना दिसते, आणि दिसणाऱ्या गोष्टीवर बोलायला डिग्री लागत नाही. माझ्या नातीला, सईला, इसब होता. साधा नाही, चांगला जोराचा. कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, मानेला कातडी लाल होऊन फुटायची, पाझरायची. दोन वर्षं हे आमच्या घरात चाललं. त्या दोन वर्षांत गुण कमी आला आणि किस्सेच जास्त साठले. कुठे बारशाला गेले तरी बायका म्हणतात, आजी, तो बोटाचा सांगा, तो शाळेचा सांगा. म्हटलं, एकदा लिहून टाकावेत, म्हणजे ज्याचं त्याने वाचून घ्यावं.

आधी एक सांगून ठेवते. मला तिसरीत असताना शाळेतून काढलं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. पुढचं सगळं मी माझं मी शिकले. मराठी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून, इंग्रजी मुलाची पुस्तकं वाचून. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो आमच्या अख्ख्या इंद्रलोक वसाहतीत पूर्ण वाचणारी मी एकटी असेन. त्यामुळे कुणी "आजी, तुम्हाला नाही कळायचं" म्हटलं की मी त्याला तिथल्या तिथे बसवते. हे आधीच सांगितलं, कारण पुढे ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

*

दोन हजार चार साल. सई साडेतीन वर्षांची. आम्ही परळची खोली सोडून भाईंदरला आलो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. घरात मी, मुलगा संदीप, सून मीनल आणि सई. जूनमध्ये तिला ज्युनिअर केजीत घालायची होती. अंगाची ही अशी अवस्था, शाळेत घेतील की नाही हीच सगळ्यांना धास्ती. म्हणून जो जे सांगेल ते आम्ही करत होतो.

समोरच्या दारातली हंसाबेन माझ्याच वयाची. ती म्हणाली, "बेन, पहले बैंगन बंद करो." वांगी बंद केली. मीनलच्या आईने फोनवरून अंडं बंद केलं. संदीपच्या ऑफिसातल्या कुणीतरी गहू. मी एका पुस्तकात वाचून आंबट सगळं बंद केलं. मग एक दिवस दूधवाला म्हणाला, "दूध बंद करके देखो, माँजी." म्हटलं, हा खरं बोलत असणार, दूध विकणाराच दूध सोडायला सांगतोय. दूध बंद, दही बंद, तूप बंद. ही यादी मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत होते, ती एप्रिल महिन्यात पानाच्या खालपर्यंत आली.

एका दुपारी मी सईपुढे ताट ठेवलं. ताटात नुसता पांढरा भात. तिने ताटाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि विचारलं,

"आजी, भात कधीपासून बंद आहे?"

त्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेली. त्यांनी आधी काट्यावर उभी केली. म्हणाल्या, "दीड किलोने उतरलीय ही. हिचं खाणं कुणी बंद केलं?"

संदीप पंख्याकडे बघायला लागला. मीनल पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

मी म्हटलं, "मजल्याने."

*

आमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर म्हणाले होते, पाणी लागू देऊ नका, चिघळेल. नऊ दिवस आम्ही पोरीला नुसतं ओल्या फडक्याने पुसत होतो. या बाई म्हणाल्या, रोज आंघोळ. कोमट पाणी, दहा मिनिटं, साबण नाही. टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर पांढरं क्रीम थापायचं, भरपूर.

मी म्हटलं, "डॉक्टर, ते म्हणतात पाणी नको, तुम्ही म्हणता रोज. सई एकच आहे. तुम्ही दोघं फोनवर काय ते ठरवा, आम्ही बाहेर बसतो."

मीनलने माझा पदर ओढला. मी खरंच बाहेर जाऊन बाकावर बसले. बाईंनी मधे एक पेशंट पाहिला, दुसरा पाहिला, मग दार उघडून मला आत बोलावलं.

"ठरलं आजी," त्या म्हणाल्या. "आंघोळ."

त्यांनी फोन केला होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

*

हंसाबेनने सत्संगात ऐकलं की समुद्राचं पाणी कातडीला चांगलं. आता आमच्याकडे नळाला पाणी तासभर, पण समुद्र काही लांब नाही. मी म्हटलं, ज्यांचा समुद्र आहे त्यांनाच विचारू.

समुद्रकाठच्या पाली गावाहून मार्था कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. तिची पाटी तिसऱ्या मजल्यावर आली की हंसाबेनचं दार लागायचं, वासाने. त्या दिवशी मात्र हंसाबेन नाकाला पदर लावून दारात उभी राहिली, उत्तर ऐकायला.

मी म्हटलं, "मार्था, पोरीला तुमच्या पालीला घेऊन येते. समुद्रात चार डुबक्या मारू दे."

मार्थाने पाटी खाली ठेवली. सईचा हात धरून कोपर उलटं करून पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे वळली.

"आये, अंग फुटलंय पोरीचं, न् तू तिला मिठात घालतेस? पोर हाय का बोंबील हाय?"

हंसाबेनने विचारलं, "क्या बोली?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. बोंबलापर्यंत आले आणि दार लागलं.

*

आता बोटाचा.

डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी दिल्या होत्या. मोठ्या डब्यातलं पांढरं क्रीम, ते कुठेही कितीही थापा. आणि एक छोटी ट्यूब, ती फक्त लाल चट्ट्यांवर. तिचं माप त्यांनी सांगितलं: "बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. तेवढं एका वेळेला."

घरी येऊन मीनलने आपलं बोट पुढे केलं. मी म्हटलं, थांब. मी वाचलं होतं की जुने वैद्य शरीराचं माप ज्याच्या त्याच्या बोटाने घेत. माझी उंची माझ्या अंगुळांनी, तुझी तुझ्या.

"मीनल, औषध कुणाचं?"

"सईचं."

"मग बोट कुणाचं?"

"आई, पण तिचं बोट केवढं..."

"तिचा रोगही तिच्याएवढाच आहे."

मीनलने ट्यूब माझ्या हातात दिली. माझ्यापुढे घरात सगळे गप्प बसतात, ही माझी ख्याती. तीन आठवडे मी सईचं बोट धरून त्यावर रेघ काढली आणि लावली. फरक शून्य. पोरीची कोपरं तशीच लाल, चादरीवर तसेच डाग. शाळा आता महिन्यावर आलेली.

परत डॉक्टरकडे गेलो. बाईंनी ट्यूब हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही तर नवी दिसतेय. जुनी कुठाय?"

"हीच जुनी."

"कशी लावता, दाखवा."

मी सईचं बोट धरलं आणि झोकात रेघ काढली. तांदळाच्या दाण्याएवढी आली. बाईंनी आपलं बोट सईच्या बोटाशेजारी धरलं.

"आजी, मोठ्या माणसाचं बोट."

"मग तसं सांगायचं. नुसतं बोट बोट म्हटलंत तुम्ही. घरात चाळीस बोटं हातांचीच आहेत."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

एक गोष्ट मी तेव्हा बोलले नाही, ती इथे लिहिते. ट्यूबच्या कागदावर मी वाचलं होतं की जास्त वापरली तर कातडी पातळ होते. कमी लागलेलीच बरी, असंही माझ्या मनात होतं. म्हणून मला ते छोटं बोट पटकन पटलं. माझ्या भीतीने पोर तीन आठवडे जास्त खाजवत राहिली. भीती वाटली तर डॉक्टरला विचारायचं असतं, हे मला कागदावर कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

मीनलने एका शब्दाने मला बोलून दाखवलं नाही. घरी येताना रिक्षात मात्र ती आपलं बोट बराच वेळ वळवून वळवून बघत होती.

*

हा छोटासा आहे.

मोठ्या माणसाच्या बोटाने लावायला लागल्यावर आठ-दहा दिवसांत सईचे चट्टे फिके झाले. पोर दुपारची दोन तास सलग झोपली. बातमी मजल्यावर गेली. हंसाबेन म्हणाली, तिने दिलेल्या कडुलिंबाच्या पाल्याने. मीनलच्या आईने नवस बोलला होता, त्यांचा फोन आला. संदीप म्हणाला, मी कपड्यांची पावडर बदलली ना. दूधवाल्याने जिना चढतानाच विचारलं, "देखा, माँजी?" मीही गप्प नव्हते, दुपारी खोबरेल लावत होते, तेही सांगून टाकलं.

पुढच्या बुधवारी सगळं पुन्हा लाल झालं. त्या दिवशी जिन्यात कुणी भेटलं नाही.

*

आता शाळेचा.

जूनमध्ये सई जेमतेम चार दिवस शाळेत गेली. पाचव्या दिवशी तिच्या डायरीत चिठ्ठी आली. मुलीचा त्वचारोग पूर्ण बरा होईपर्यंत तिला पाठवू नये, इतर पालकांची तक्रार आहे. मीनल ओट्याला टेकून रडली. म्हणाली, "आई, एक वर्ष घरीच राहू दे तिला." सईला आम्ही सांगितलं की शाळेला सुट्टी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून दारात बसली. बारा वाजेपर्यंत उठली नाही. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं जाताना दिसत होती. तिने विचारलं, "त्यांना सुट्टी नाही?"

मी डॉक्टरबाईंकडून पत्र आणलं, हा रोग स्पर्शाने पसरत नाही म्हणून. सईला घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"मला पटतंय हो आजी. पण पालकांना कोण पटवणार?"

फाटकाशी पोरांना सोडायला आलेल्या सात-आठ आया उभ्याच होत्या. मी सईला तिथे नेलं, तिची बाही वर केली आणि त्या लाल हातावर माझा गाल घासला. सईला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली. आया दोन पावलं मागे सरकल्या.

मी म्हटलं, "रोज असा गाल लावणार, आठ दिवस. नवव्या दिवशी येते. गालावर काही उठलं तर पोर घरी. नाही उठलं तर पोर बाकावर."

नवव्या दिवशी गेले तर फाटकाशी वीसेक बायका. एकीने पर्समधून चष्मा काढला आणि माझा गाल उजेडाकडे वळवून पाहिला.

"सुरकुत्या आहेत," ती म्हणाली.

"त्या आधीच्या आहेत."

सई बाकावर बसली. मोठ्या बाईंनी एकच अट घातली, हात झाकलेले असू देत. विकतच्या जाड बाह्यांनी पोरीला घाम यायचा आणि खाज वाढायची. म्हणून मी माझी जुनी सुती लुगडी काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि त्यांच्या सैल बाह्या शिवल्या. मनगटापासून दंडापर्यंत, वर नाडी. रोज धुवायच्या म्हणून सहा जोड्या केल्या. काठ वाया कशाला घालवायचा, म्हणून तो मनगटाशी घेतला. एक हिरव्या काठाची, एक जांभळ्या, एक चौकड्याची, अशा. चट्टे पूर्ण गेले नव्हते, पण नखं कातडीपर्यंत पोचत नव्हती, आणि पोर शाळेत होती. मला एवढं पुरे होतं.

गणपतीच्या आधी एक दिवस शाळेतून फोन. फोनवर मोठ्या बाई. "आजी, ताबडतोब या."

गेले. ऑफिसात त्याच आया.

"तुम्ही म्हणालात, लागत नाही," बाई म्हणाल्या.

"नाहीच लागत."

"सोमवारी सईच्या वर्गातल्या एका मुलीला खाज सुटली. काल चौघींना. आज नऊ जणी आहेत."

डॉक्टरबाई चुकल्या? मी चुकले? माझ्या गालाला लागलं नाही ते माझी कातडी म्हातारी म्हणून? आता पोरीला पुन्हा दप्तर लावून दारात बसवायची का?

व्हरांड्यात नऊ पोरी रांगेने उभ्या होत्या आणि कराकरा हात खाजवत होत्या. मी चष्मा लावला. एकेकीचा हात धरून, कोपर उलटं करून पाहिलं. कुठे काही नाही. धुतलेल्या काकड्यांसारखे स्वच्छ हात. सगळ्यात जोरात खाजवत होती ती दोन शेंड्यांची, चिमुकली. मी तिच्यासमोर खाली बसले.

"कुठे खाजतं ग तुला?"

तिने मनगट पुढे केलं.

"इथे," ती म्हणाली. "मला हिरव्या काठाची खाज आलीय. हिला चौकड्याची."