रक्तपेढीच्या पडद्यावरची आगाऊ खिडकी

रक्तपेढीत बावीस वर्षं काढलेल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे दुर्बीणताई म्हणत. पिशवीवरचा क्रमांक त्या एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून वाचत, तोही मोठ्यानं. नव्या नर्स तोंडावर हात धरून हसायच्या. ताई म्हणायच्या, "हसा, पण ऐका."

त्या दिवशी सकाळपासून विजेचा लपंडाव चालला होता. दर वेळी कॉम्प्युटर नव्यानं सुरू व्हायचा आणि पडद्यावर दोन खिडक्या उगवायच्या. एक होती चार वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या स्कॅनरची. यंत्र गेलं तरी त्याचा प्रोग्राम आतच बसलेला. दुसरी जुन्या लेबल-प्रिंटरची, 'तुमची आवृत्ती कालबाह्य झाली आहे' असं बजावणारी. 'नंतर' म्हणायचं आणि पुढं जायचं, अशी सगळ्यांची सवय झाली होती.

अकराच्या सुमाराला प्रसूतिगृहातली नर्स थंड पेटी घेऊन धावतच आली. "ताई, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. तिच्या रक्ताशी जुळवलेली पिशवी द्या, लवकर!"

शेजारीच वरच्या वॉर्डातल्या आजोबांची पिशवी तयार होती. त्यांचा गट वेगळा. कॉम्प्युटर नुकताच सुरू झाला होता. ताईंनी बाळंतिणीचं पान उघडलं, बारकोड वाचणारी बंदूक तिच्या पिशवीवर धरली. पीं! मग आजोबांच्या पिशवीवर. पीं! प्रिंटरनं लेबल काढलं. नर्सनं हात पुढं केला.

ताई नेहमीसारख्या मोठ्यानं वाचू लागल्या आणि अडखळल्या. लेबलावर नाव बाळंतिणीचं होतं. क्रमांक आजोबांच्या पिशवीचा.

"थांब! काही उचलू नकोस."

"ताई, वेळ नाहीये हो!"

"म्हणूनच थांब."

लेबल फाडून त्यांनी जुनं रजिस्टर ओढलं, हातानं नवं लेबल लिहिलं. नाव, गट, क्रमांक सगळं नर्सकडून वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं. बाळंतिणीची पिशवी पेटीत गेली. नर्स पळाली.

मग त्या पडद्याकडे बघत राहिल्या. काय झालं ते हळूहळू उलगडलं. स्कॅनरची खिडकी या वेळी उशिरा, नेमकी पहिल्या पिशवीच्या क्षणी वर आली होती. पहिला क्रमांक नोंदीत न जाता तिच्या पोटात गेला. बंदूक क्रमांकानंतर आपणहून एंटर दाबते, त्यानं खिडकी बंदही झाली. चोर आला तसा गेला. एरवी क्रमांक मिळाला की पुढच्या रुग्णाचं पान आपोआप उघडायचं; या वेळी तो मिळालाच नाही, म्हणून पान बाळंतिणीचंच राहिलं आणि दुसरा क्रमांक तिच्या नावावर चढला.

पाऊण तासानं फोन आला. रक्तस्राव आटोक्यात आला होता. ताई घोटभर पाणी प्यायल्या आणि पेढीच्या प्रमुख डॉक्टरांकडे गेल्या.

"साहेब, त्या खिडक्या मी आजच बंद करते."

"चालू यंत्राला कशाला हात लावता? उठलंच नाही तर?"

"नोंदी इथं नसतात, मुख्य यंत्रावर असतात. कॉम्प्युटर विभागाला विचारलंय."

"मग जबाबदारी तुमची."

"अकरा वाजताही माझीच होती, साहेब."



वॉर्डांना फोन करून ताईंनी अर्धा तास मागून घेतला. कॉम्प्युटर विभागातल्या गृहस्थांना फोनवर धरलं. चालू प्रोग्राम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, त्यात स्टार्टअपची यादी. कॉम्प्युटर सुरू होताना आपणहून उठणारे अकरा प्रोग्राम! ताईंनी एकेक नाव वाचलं. "याला हात लावू नका," "हा राहू दे," असं फोनवरून ऐकत दोन गुन्हेगार सापडले. दोन्हींवर 'डिसेबल' दाबलं, म्हणजे त्यांचं आपणहून उठणं बंद. यंत्र पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरत राहिलं. दारात डॉक्टर येऊन उभे. अखेर पडदा उजळला. प्रिंटरची खिडकी गेली होती. स्कॅनरची मात्र हजर!

"मेली परत आली!"

"मग तो प्रोग्राम या यादीतून नाही, गजर लावल्यासारखा ठरल्या वेळी उठत असेल," फोनवरचे गृहस्थ म्हणाले. "स्कॅनर नाहीच ना आता? मुळासकट काढा."

ताईंनी नाव दोनदा वाचलं, मग प्रोग्राम काढून टाकला. यंत्र पुन्हा सुरू केलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही उगवलं नाही. मग चाचणीसाठी मुदत संपलेल्या दोन पिशव्या, खोट्या नावांची दोन पानं, पीं, पीं. दोन्ही क्रमांक आपापल्या जागी बसले.

ताईंनी चुकांच्या नोंदीचा कागद घेतला आणि सकाळची हकीकत लिहायला घेतली.

"लिहायलाच हवं का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "कुणाला काही झालं नाही. तुमच्याच नावावर चूक पडेल."

"पडू दे. पडद्याकडे न बघता मी दुसरी पिशवी वाचली, हे खरंच आहे. पण भंगारात गेलेल्या यंत्रांचे असलेच प्रोग्राम बाकीच्या पेढ्यांतही असतील. तिथं कुणी मोठ्यानं वाचत असेलच असं नाही."

कागद पूर्ण झाला. डॉक्टरांनी तो उभ्यानंच वाचला, खिशातून पेन काढलं आणि ताईंच्या सहीखाली आपली सही केली. तो बाकीच्या पेढ्यांनाही पाठवला गेला. आठवड्याभरात तीन पेढ्यांतून फोन आले. तिथंही तीच खिडकी निघाली होती.